पाऊस थांबला, तरी काम का थांबलेलं?

प्रश्न : माझा भाचा बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या बांधकामावर सेफ्टी सुपरवायझर आहे. मागे त्याच्याकडे गेलो होतो. दुपारी वळवाचा पाऊस आला आणि वीस मिनिटांत लख्ख ऊनही पडलं. काम मात्र पुढचे दोन तास सुरू झालं नाही. विचारलं तर म्हणाला, “मामा, परमिट होल्डवर टाकलंय. पुन्हा चालू करावं लागतं.” इकडे माणसं बसून, तिकडे ठेकेदार घड्याळ बघतोय. त्याच कामाच्या कागदावर सकाळी चार जणांनी सह्या केल्या होत्या. मग सकाळचा कागद दुपारी का चालत नाही? ही सुरक्षा म्हणायची की कागदी घोडे?
— एक वाचक, अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : दोन्ही असू शकतं. कागद जागेवर उभं राहून भरला की केबिनमध्ये बसून, यावर ते ठरतं. पण आधी या कागदाचं काम समजून घेऊ. त्यासाठी बिडकीनला जायची गरज नाही, तुमच्या शिवारातला लाइनमन पुरेसा आहे.

तार तुटली, जंपर उडाला की लाइनमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनकडून ‘परमिट’ घेतो. हा शब्द गावोगावी सगळ्यांच्या तोंडी आहे. ऑपरेटर त्या फीडरची अकरा केव्हीची लाइन बंद करतो, वहीत नाव आणि वेळ टाकतो. लाइनमन कामाच्या जागी तारांना अर्थिंग करतो आणि मगच हात लावतो. गावातून कितीही फोन आले, तरी ज्याने परमिट घेतलं त्याने ते परत केल्याशिवाय ऑपरेटरने लाइन सोडायची नसते. आता समजा, सामान कमी पडलं म्हणून लाइनमन मध्येच वडीगोद्रीला गेला आणि तासाभराने आला. परमिट अजून त्याच्याच नावावर आहे. म्हणून तो सरळ खांबावर चढेल का? शहाणा असेल तर आधी अर्थिंग जागेवर आहे का ते बघेल. मधल्या तासात कोणी घरचा जनरेटर लावला असेल, तर बंद लाइनीतही उलटा करंट येऊ शकतो.

बांधकामावरचं परमिट याच जातीचं. रोजच्या गवंडीकामाला ते लागत नाही. एका चुकीने जीव जाईल अशा कामांना लागतं: उंचीवरचं काम, वेल्डिंग आणि गॅस कटिंग, खोल खोदाई, टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरणं, विजेच्या पॅनेलवरचं काम, क्रेनने जड वजन उचलणं. कागदावर काम, जागा, वेळ, माणसं, धोके आणि त्यावरचे उपाय लिहिलेले असतात. काम करून घेणारा ते मागतो, त्या जागेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो देतो, सेफ्टीवाला तपासतो. मुदत बहुधा एका पाळीची असते.

सकाळी सही करणारे चौघे एवढंच सांगत होते: आम्ही जागा पाहिली, आत्ता ती अशी आहे, आणि अशीच राहणार असेल तर काम करा. पावसाने ती शेवटची अट मोडली. सह्या खऱ्याच होत्या, पण ज्या जागेबद्दल त्या केल्या ती जागा आता उरली नव्हती.

प्रश्न : पाऊस तर वीस मिनिटांचा. तेवढ्यात जागा किती बदलणार?

उत्तर : आपल्या काळ्या मातीत पुष्कळ बदलते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेताला पाय अडकतील अशा भेगा पडतात, त्या यामुळेच. अशा जमिनीत पाइपलाइनसाठी खोदलेला चर कोरड्या दिवसांत भिंतीसारखा ताठ उभा राहतो आणि मुकादमाला वाटतं, याला टेकू कशाला हवा? वळवाचं पाणी भेगांतून आत उतरतं, मातीचं वजन वाढवतं आणि तिची पकड सैल करतं. चर पावसातच ढासळेल असं नाही. ऊन पडल्यावर, माणसं परत उतरल्यावर, काठाशी पोकलेन येऊन उभा राहिल्यावर तो ढासळतो.

एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचं डोकं बाहेर असलं तरी श्वास घ्यायला छाती फुगवता येत नाही. खोदाईच्या भारतीय मानकात, आयएस ३७६४ मध्ये, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगितलं आहे आणि उपसलेली माती काठापासून लांब टाकायला सांगितली आहे, ते यासाठीच. पावसानंतर खोदाईच्या परमिटवर पुन्हा सही करायची असेल, तर चराच्या काठाला समांतर जाणारी नवी भेग शोधायची असते. ती दिसली तर चरात कोणी उतरायचं नाही.

बाकीच्या कामांचंही तसंच. परांचीच्या फळ्या निसरड्या होतात. क्रेनचे पाय ज्या जमिनीवर टेकले होते ती मऊ पडते. वेल्डिंगच्या केबलचे जोड पाण्यात बुडालेले असतात. शिवाय पावसापेक्षा माणसांनी केलेले बदल जास्त फसवे. आडोशाला पळताना कोणी रंगाचे आणि थिनरचे डबे भिजू नयेत म्हणून छताखाली आणून ठेवतो, आणि नेमकं त्याच छतावर सकाळपासून वेल्डिंग चाललेलं असतं. कोणी ये-जा सोपी व्हावी म्हणून कठड्याची दोरी सोडतो. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण परमिटवर लिहिलेली जागा आणि समोरची जागा यांचं नातं तुटतं.

प्रश्न : ‘होल्डवर टाकणं’ म्हणजे नेमकं काय करतात? काम बंद करून बसणं एवढंच ना?

उत्तर : हीच समजूत सगळ्यात महागात पडते. अर्धवट सोडलेलं काम चालू कामापेक्षा जास्त धोक्याचं असू शकतं. चालू कामाजवळ ते जाणणारा माणूस उभा असतो, सोडलेल्या कामाजवळ कोणीच नसतं.

म्हणून थांबवण्यालाही रीत आहे. क्रेनला टांगलेलं वजन आधी खाली ठेवायचं. उघड्या खड्ड्याला कठडा घालायचा, शिडी वर ओढून घ्यायची. विजेच्या पॅनेलचं कुलूप तसंच ठेवायचं आणि त्यावर कोणाचं काम अर्धं आहे ते सांगणारा टॅग लावायचा. टाकीत गॅस कटिंग चाललं असेल, तर जेवायला जाताना टॉर्च आणि नळ्या टाकीबाहेर काढून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. हे केलं नाही तर तासाभरात किंचित गळणाऱ्या नळीतून बंद टाकीत ऑक्सिजन किंवा ज्वलनशील गॅस साठतो आणि जेवून आलेल्या वेल्डरच्या पहिल्या ठिणगीला भडका उडतो. वेल्डिंग किंवा कटिंग थांबवल्यावर आगीवर नजर ठेवणारा माणूसही लगेच उठत नाही. साइटच्या नियमाप्रमाणे अर्धा तास ते एक तास तो तिथेच थांबतो, कारण भुश्शात किंवा इन्सुलेशनमध्ये शिरलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते.

मग परमिटवर थांबवल्याची वेळ, कारण आणि जागा कोणत्या अवस्थेत सोडली ते लिहायचं, करणाऱ्यांकडची प्रत काढून घ्यायची आणि परमिट बोर्डावर ‘होल्ड’च्या खणात लावायची. होल्ड म्हणजे काम उरलं आहे, पण आत्ता करायचं नाही. क्लोज म्हणजे काम झालं, जागा आवरली, कुलपं काढली. रद्द म्हणजे हा कागद मेला, नवा काढा. पहिल्या दोहोंची गल्लत झाली की काय होतं, ते पुढे येईलच.

प्रश्न : आणि पुन्हा सुरू करताना दोन तास कशात जातात?

उत्तर : थांबवायचा अधिकार सगळ्यांना असतो, सुरू करायचा मोजक्यांना. नीट चालणाऱ्या कोणत्याही साइटवर हेल्परसुद्धा “थांबा” म्हणू शकतो. “चला” म्हणायला मात्र परमिट देणारा आणि घेणारा हे दोघे जागेवर लागतात. हा भेदभाव मुद्दाम ठेवलेला आहे. थांबण्यात चूक झाली तर तास वाया जातो, सुरू करण्यात झाली तर माणूस.

जागेवर गेल्यावर सकाळची यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची. टाकी किंवा मॅनहोल असेल तर गॅसचं सकाळचं माप बाद धरून नवं घ्यायचं. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उतरायचं नाही. परांची तपासणाऱ्याने फळ्या आणि जोड पाहून टॅगवर नवी सही करायची. माणसं तीच आहेत का, की पावसात दोघं घरी गेले आणि दुसऱ्या टोळीतले दोघं आले, हे मोजायचं. नव्यांना धोके सांगायचे. शेजारच्या मजल्यावर दरम्यान काय सुरू झालं तेही बघायचं. थांबताना दुपार होती आणि सुरू करताना संध्याकाळ झाली असेल, तर उजेडाची सोय ही नवी अट होते. उन्हाळ्यात दुपारचं काम संध्याकाळवर ढकलतात, तेव्हा हमखास विसरतात ते हेच.

मधे पाळी बदलली असेल, तर ‘पुन्हा सुरू’ हा प्रकारच नसतो. नव्या पाळीने नवं परमिट काढायचं आणि जुन्या पाळीच्या माणसाने नव्याला समोरासमोर सांगायचं.

तरीही दोन तास मला जास्तच वाटतात. बहुतेक वेळा ते तपासणीत जात नाहीत, वाट बघण्यात जातात. वीस परमिटं होल्डवर आणि ती पाहत फिरणारा माणूस एक, असं असेल तर विसाव्या टोळीला दोन तास लागणारच. हा दोष नियोजनाचा आहे. पाऊस पडत असतानाच कोणती कामं आधी सुरू करायची हे ठरवता येतं, आणि ज्यांना परमिट लागत नाही अशी शेडखालची सळई कापायची-वाकवायची कामं तोवर देता येतात.

प्रश्न : हे सगळं न केल्यामुळे खरंच कुठे अपघात झाला आहे का?

उत्तर : जगभरच्या सुरक्षा प्रशिक्षणात यासाठी एकच उदाहरण सगळ्यात आधी दिलं जातं: उत्तर समुद्रातला ‘पायपर अल्फा’ हा तेल-वायूचा फलाट. ६ जुलै १९८८ च्या रात्री तो पेटला आणि १६७ माणसं गेली.

फलाटावर द्रवरूप वायू पुढे ढकलणारे दोन पंप होते. त्या दिवशी एक पंप दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. त्याचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही तपासणीसाठी काढला होता आणि त्यासाठी वेगळं परमिट होतं. संध्याकाळी सहाला पाळी बदलायच्या वेळी व्हॉल्व्ह परत बसला नव्हता. उघड्या तोंडावर तात्पुरती पोलादी चकती बसवून ते काम उद्यावर टाकलं गेलं आणि परमिट स्थगित झालं. ही गोष्ट रात्रपाळीच्या पंप चालवणाऱ्यांपर्यंत तोंडी पोचली नाही, कागदही त्यांच्या नजरेस पडला नाही. पावणेदहाच्या सुमाराला चालू पंप बंद पडला आणि परत सुरू होईना. वीज जाण्याची वेळ आली. रात्रपाळीने दुसऱ्या पंपाच्या दुरुस्तीचं परमिट पाहिलं, ती दुरुस्ती सुरूच झाली नव्हती. मग पंप चालवायला हरकत काय? त्यांनी तो चालू केला. काढलेल्या व्हॉल्व्हच्या जागेवरून वायू सुटला आणि दहाच्या सुमाराला पहिला स्फोट झाला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात, १९९० साली, १०६ शिफारशी आल्या. परमिटची पद्धत आणि पाळी बदलतानाचा निरोप या दोन्हींवर त्यात बोट ठेवलं होतं. परमिट होतं, स्थगितही झालं होतं. थांबवणारा आणि सुरू करणारा मात्र एकमेकांशी बोललेच नव्हते.

मोठ्या थांब्याचं उदाहरण आपल्या देशातलं आहे. टाळेबंदीनंतर कारखाने पुन्हा सुरू होत असताना ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन गळलं आणि किमान १२ जणांचा जीव गेला. बंद काळात साठून राहिलेलं रसायन तापत गेलं होतं. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढली की बंद कारखाना उघडताना पहिला आठवडा चाचणीचा धरा, पहिल्या दिवसापासून पूर्ण उत्पादनाच्या मागे लागू नका. बांधकामाला हे दिवाळीनंतर दर वर्षी लागू पडतं. बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं छठ करून परततात, तोवर परांची ऊन-वाऱ्यात उभीच असते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत देखभालीसाठी भट्टी थंड करून पुन्हा पेटवतात, तिथेही हीच गोष्ट.

प्रश्न : भाचा सांगतो, आता परमिट मोबाइलवर आलंय. होल्डचं बटण, चालूचं बटण. मग एवढा वेळ का लागावा?

उत्तर : बटणामुळे लिहिण्याचा वेळ वाचतो, चालत जाऊन बघण्याचा वाचत नाही. मोबाइलवरच्या परमिटचा मोठा फायदा वेगळाच आहे. एकाच जागेवरची सगळी परमिटं, चालू आणि थांबलेली, एका पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात. पायपर अल्फावर एका पंपाचे दोन कागद वेगवेगळ्या ठिकाणी होते. ते एका नजरेत दिसले असते, तर रात्रपाळी थबकली असती.

धोका असा की केबिनमध्ये चहा घेता घेता दहा परमिटं एकदम ‘चालू’ करता येतात. चांगल्या प्रणालीत चालूचं बटण आपोआप उघडत नाही. जागेचा ताजा फोटो, गॅसचं नवं माप, घेणाऱ्याची सही हे भरल्यावरच उघडतं. भाच्याच्या मोबाइलवर यातलं काय विचारलं जातं, ते त्याला विचारा. काहीच विचारलं जात नसेल, तर तुम्ही म्हणता ते कागदी घोडेच. कागद तेवढा गेला आहे.

प्रश्न : कायदा काय म्हणतो? साधा मजूर खरंच काम थांबवू शकतो?

उत्तर : बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्रीय कायदा झाला, १९९८ ला केंद्राचे आणि २००७ ला महाराष्ट्राचे नियम आले. त्यात ५०० किंवा जास्त कामगारांच्या साइटला सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्यासाठी ही संख्या २५० वर आली आहे. कामाच्या जागी जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने मालकाला कळवावं, सोबतच निरीक्षकालाही कळवता येतं आणि मालकाने लगेच उपाय करायचा, असंही तीत आहे. वर्क परमिटची रीत सांगणारं आयएस १७८९३ हे भारतीय मानक २०२३ साली आलं. तेल उद्योगात ओआयएसडी १०५ त्याच्याही आधीपासून आहे.

पण अडीचशेच्या आतल्या साइट्स कितीतरी आहेत. तालुक्याच्या गावातला तीन मजली इमला, पाणीपुरवठ्याचा चर, विहिरीचं खोदकाम यांना सेफ्टीवाला नसतोच. तिथे परमिटचा कागद असायची शक्यता कमी. त्यातला मूळ नियम मात्र कागदाशिवायही पाळता येतो: थांबलेल्या कामात पुन्हा उतरण्याआधी, ते जाणणाऱ्या माणसाने स्वतः जाऊन बघायचं.

प्रश्न : ठेकेदार भाच्याला म्हणतो, “तुझ्या एका सहीसाठी माझे हजारो रुपये बुडतात.” मी त्याला काय सांगू?

उत्तर : ठेकेदाराचं गणित खोटं नाही, आणि भाच्याने ते खोटं ठरवायच्या भरीला पडू नये. प्रश्न तो खर्च कोणाच्या अंगावर पडतो याचा आहे. सेंट्रिंगवाले, सळईवाले, खोदाईवाले बहुतेक उक्त्यावर असतात. जेवढे मीटर तेवढे पैसे, थांबलेल्या तासाचे शून्य. अशा टोळीला पाऊस थांबल्यावर चरात कधी उतरायचं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं आहे: आत्ता. त्यांना धोका कळत नाही असं नव्हे. संध्याकाळची मजुरीही कळते म्हणून ते उतरतात. अशा वेळी सेफ्टीवाल्याची सही हा एकट्या माणसाचा हट्ट दिसतो, आणि एकट्याचा हट्ट फार दिवस टिकत नाही.

म्हणून भाच्याला सांगा, कंपनीच्या पुढच्या बैठकीत सुरक्षेची घोषवाक्यं बाजूला ठेवून एकच मुद्दा लावून धर: परमिट होल्डवर असलेल्या तासांची हजेरी ठेक्याच्या दरपत्रकात आधीच धरा. मुख्य कंत्राटदाराला ती रक्कम मोठी नाही. ती लिहिलेली असली की ठेकेदार घड्याळ बघणं कमी करतो, टोळी स्वतःहून “थांबा” म्हणायला लागते आणि परमिट पुन्हा सुरू करताना जागा पाहिली जाते. हे होईपर्यंत त्याने केबिनमध्ये बसून सही करू नये. चराच्या काठावर जावं, भेग बघावी, मग पेन काढावं. ठेकेदार ओरडला तर त्यालाही सोबत न्यावं आणि चरात पहिलं पाऊल त्यालाच टाकायला सांगावं. तो टाकत नसेल, तर परमिट होल्डवरच राहू द्यावं.